साद सोडवताना

माळावर भर दुपारी एकटा माणूस उभा दिसला, तर आधी त्याची सावली बघायची आणि मगच तोंड उघडायचं... हे माझ्या वडलांनी, अण्णांनी, मला चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. त्यामुळे भादव्यातल्या त्या दुपारी बोरीच्या झुडपाआड एक उंच पोरगा डोळे मिटून, काठीला काहीतरी केसाळ, करडं लावून उभा दिसला, तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. थेट पायांकडे पाहिलं.

सावली होती. पायाशी गोळा झालेली, पण होती.

"कोण हाय तिकडं?" मी आवाज चढवला.

त्यानं डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. माझ्याच माळावर मला गप्प करणारा हा कोण... माझं डोकंच फिरलं.

"मेलेलं मुंगूस काठीला बांधून काय करतोस रं? ससा धरायचाय?"

त्यानं डोळे उघडले. कानांवरचा हेडफोन मानेवर उतरवला आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर काय होतं, ते मी आत्ताच सांगणार नाही.

"मुंगूस नाही, माइक आहे. वारा शिरू नये म्हणून त्याला असले केस लावतात," तो म्हणाला. "आणि आता माझ्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याच्या ऐवजी तुम्ही शिरलाय की."

"मग पुसून टाका."

"कशाला? राहू दे की."

वारा पडला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं, आणि तरी मला उगाच वाटलं की आपल्या मागून काहीतरी सरकलं. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. भर दुपारचा माळ असाच असतो, दिसतो उघडा आणि वाटतो भरलेला.

त्याचं नाव मृत्युंजय. सोलापुरात बाळीवेशीत घर. लग्नाच्या, नाटकांच्या साउंड सिस्टीम लावता लावता त्याला आवाज गोळा करायचा नाद लागलेला.

"लई मोठं नाव हाय," मी म्हटलं. "घरात हाक मारून पुरी होईस्तोवर भाकरी गार होत असंल."

"अव्वा, म्हणजे माझी आई, जया म्हणते. आणि तुमचं?"

"आरोही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ठिवलंय. आमच्यात कुणाला त्याचा अर्थ ठावं न्हाय, पन समद्यास्नी आवडतं."

"मलाही," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं काठी दुसऱ्या हातात घेत, "म्हणजे... मी एका माणसाला शोधतोय. माळढोकाची साद घालणारा एकच माणूस उरलाय म्हणे इथं. रावजी काळे. ओळखता का?"

"वळखते की थोडं. रोज त्येंची भाकरी मीच थापते."

आम्ही फासेपारधी. पूर्वी साद म्हणजे आमचं पोट होतं. तित्तर, लाव्हा, ससा... ज्याला बोलवायचं त्याच्या आवाजात बोलवायचं, की तो आपल्या पायानं फाशात. मग शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण गावात कुणाची शेळी हरवली की पोलिसांची गाडी आधी आमच्या वस्तीवर यायची, ते काही बंद झालं नाही. आणि आता त्याच माळाच्या कडेला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, 'माळसांज' नावाचं पर्यटन केंद्र उभं राहत होतं. त्याचे मॅनेजर ऋतुराज सर आमच्याकडे येऊन, चटईवर मांडी घालून, कोरा चहा पीत सांगत होते की तुमची कला आम्हाला हवी आहे, तुमची मुलं आम्हाला कामाला हवी आहेत. आमच्याशी कुणी असं बोलायची वस्तीला सवयच नव्हती. साद धरून आणायला मृत्युंजयला त्यांनीच पाठवलं होतं.

"जे जलमभर लपवलं, ते लोक आता तिकीट काढून आयकनार," वस्तीतले थोरले, महिपतीकाका म्हणाले. "आयकू द्या की. पोरास्नी काम लागतंय. रावजी, घाल एकदा साद."

अण्णांनी आधी माळाकडे पाहिलं. मग मृत्युंजयकडे बघून म्हणाले, "घालतो. पन सोडवणीपतुर समदं धरून घ्यायचं. मदी तोडायचं न्हाय."

सोडवण म्हणजे काय, ते मी त्याला टेकाडाच्या वाटेवर समजावलं. साद ही लबाडी असते. आपण पाखरू नसताना पाखराच्या आवाजात बोलावतो. उत्तर आलं, की उत्तर देणाऱ्याला खरं सांगून मोकळं करायचं. जमिनीपाशी तोंड नेऊन एक खोल, उतरत जाणारा आवाज काढायचा... मी तुझ्यातला नव्हे, तू जा. ही आमच्या घराची रीत. सोडवलं नाही तर उत्तर देणारं शोधत राहतं. जवळ जवळ येत राहतं.

"पाखरू?" मृत्युंजयनं विचारलं.

"अण्णा म्हनत्यात, दर टायमाला पाखरूच असतं असं न्हाय."

तो हसला नाही. मला ते फार आवडलं.

दिवेलागणीला आम्ही टेकाडावर गेलो. अण्णांनी टॉवेल डोक्यावरून घेतला, तळव्यांची ओंजळ तोंडाशी धरली, श्वास घेतला आणि साद घातली. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा, तसा तो आवाज गवतावरून निघाला आणि लांब जात राहिला. आमच्या बाजूला कित्येक वर्षांत कुणी माळढोक पाहिला नव्हता. अण्णा जुन्या सवयीनं थांबले. आणि मग, अंधारत चाललेल्या त्या रिकाम्या माळावरून, उत्तर आलं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मृत्युंजयनं हेडफोन काढला आणि माझ्याकडे वळून बघितलं, हे खरंच बाहेर आहे का असं विचारत असल्यासारखं. मीही बघितलं. मग ते विचारणं संपलं, पण बघणं काही संपेना... केव्हातरी अण्णा खाली वाकले, सोडवण झाली. गुडघे झाडत उठले आणि नेहमीसारखं म्हणाले, "चल, जेवाय चल."

सोडवण झाली की हे ते म्हणायचेच. आपण परत आपल्यात आलो, असा त्याचा अर्थ.

त्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत कफ धरला आणि संक्रांतीच्या आधी ते गेले. मृत्युंजय आला होता. कोपऱ्यात बसून राहिला. निघताना माझ्या हातातला गार झालेला चहाचा पेला काढून घेऊन त्यानं दुसरा गरम आणून दिला, एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात 'माळसांज' सुरू झालं. मी गाइड झाले. खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. वस्तीतला जोतिरामदादा स्वयंपाकघरात लागला, कुणी बागेत, कुणी गेटवर. आणि दिवेलागणीला पाहुणे वेताच्या खुर्च्यांवर बसले, की दिवे मंद व्हायचे आणि गवतात लपवलेल्या स्पीकरमधून अण्णा साद घालायचे.

पहिल्या दिवशी माझ्या हातातला सरबताचा ट्रे कलंडला. दुसऱ्या दिवशी मी त्या वेळेची वाट बघू लागले. गेलेल्या माणसाचा आवाज रोज ऐकायला मिळणं, कुणाच्या नशिबात असतं हे... सादेच्या आधी अण्णा घेत असलेला श्वास त्यात ऐकू यायचा. मी त्या श्वासासाठी तिथं उभी राहायचे. तो ऐकला की डोळे भरून यायचे आणि पुढचं काही कानात शिरायचंच नाही.

मृत्युंजय दर शनिवारी वायरी तपासायला यायचा. वायरींना एवढं काय व्हायचं कुणास ठाऊक. येताना अव्वाच्या हातची शेंगाचटणी आणायचा.

"सारखी चटणी नेता, तुमच्या अव्वा इचारत न्हाईत, कुणासाठी म्हणून?"

"विचारते की."

"मग?"

"सांगितलं. माळावर एक मुलगी आहे, भेटली की आधी माझी सावली बघते."

"त्यावर काय म्हणाल्या?"

"म्हणाली, शहाणी आहे. चटणी जास्त ने."

मी टोपी पुढे ओढली, चेहरा दिसू नये म्हणून. मग तो हेडफोन माझ्या कानांवर ठेवायचा आणि त्यानं गोळा केलेलं काहीबाही ऐकवायचा. लाकडात वाळवी चालतेय, पावसानंतर माती पाणी पितेय. हेडफोन ठेवताना त्याची बोटं माझ्या कानाला लागायची आणि मग मला वाळवी काय आणि माती काय, सगळं एकच ऐकू यायचं.

"माझा आवाज हाय का ह्यात? त्यो मुंगसाचा?"

"तो इथं नाही ठेवत," तो म्हणाला. "तो घरी आहे."

असं सगळं चाललं असताना श्रावणात उत्तर यायला लागलं.

आधी लांब, टेकाडापलीकडून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात शेततळ्याकडून आलं. मग स्वयंपाकघराच्या मागून. आमची कुत्री त्या वेळेला गाडीखाली शिरून बसायची, भुंकायची नाहीत. शेळ्या कुंपणाकडच्या गवताला तोंड लावेनात. पाहुण्यांना मात्र मजा वाटायची. ऋतुराज सरांनी नव्या माहितीपत्रकावर 'इथे माळ उत्तर देतो' असं छापून घेतलं आणि बुकिंगं वाढली.

शनिवारी मी मृत्युंजयला म्हटलं, "दुसरा स्पीकर लई ग्वाड लपिवलाय तुमी. मला बी सापडंना."

तो वायर गुंडाळत होता. हात थांबले.

"दुसरा स्पीकर नाही, आरोही," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तूच वस्तीतल्या कुणालातरी उभं करतेस."

अहोजाहो गळून पडलं होतं, पण तेव्हा लाजायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी महिपतीकाका काठी टेकत माझ्या दारात आले. आदल्या दिवशी त्यांच्या झोपडीच्या अगदी मागं आवाज झाला होता. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "आरू, मी तितं बसून नीट आयकलं. साद हाय. त्यात रावजीची सोडवण न्हाय गं."

मी पळतच मृत्युंजयकडे गेले. तो सामान गाडीला बांधत होता.

"सोडवण कुटं हाय?"

"काय?"

"अण्णांनी जिमिनीला वाकून जे केलं, ते. ते कुटं हाय?"

त्याचा चेहरा उतरला. "ते मी धरलंच नाही," तो म्हणाला. "उत्तर आलं आणि मी हेडफोन काढला. बटण कधी दाबलं गेलं, कळलंच नाही... तू बघत होतीस माझ्याकडं."

"आदी तू बघत हुतास."

"होय. आधी मी."

मला त्याचा संताप आला. खरंच आला. आणि त्या संतापाखाली, एवढं भ्यायले असतानाही, माझे कान तापले. माणसाचं मन किती निर्लज्ज असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"तू सोडवण कर," तो म्हणाला. "तुला येते. मी ती त्याला जोडतो, रोज दोन्ही वाजवू."

"आता जोडून भागत न्हाय. इतके दिस बोलवून ठिवलंय, आन आलंय ते दाराशी. जित्या तोंडानं सोडवाय लागंल, त्येंच्याच रक्तानं. आन अशी सोडवली की संपलं. ती साद परत वाजवायची न्हाय."

"कधीच?"

"कदीच."

मी काय गमावणार आहे, ते त्याला कळलं होतं. आईला मी पाहिलेलं नव्हतं. अण्णा होते, आणि आता त्यांचा एक श्वास होता, रोज दिवेलागणीला. तोही मीच, माझ्या तोंडानं, हाकलून द्यायचा...

लिंबाखाली वस्ती बसली. जोतिरामदादा स्पष्टच म्हणाला, "आवाजाला भिऊन चूल इझवायची व्हय? पोरांच्या शाळा हायत्या." बायका म्हणाल्या, पोरं संध्याकाळी बाहेर पडेनात. कुणी म्हणालं, ही रीतच सोडून देऊ, आता कोण पाळतंय. महिपतीकाकांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि पावसाळा संपेपर्यंत थांबू, असं ठरलं. सगळ्यांदेखत मी मान हलवली, पण आतून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पावसाळा संपेपर्यंत अण्णा माझे होते.

मग तो रविवार आला. शनिवारी आलेला मृत्युंजय, ते उत्तर यंत्रात धरता येतं का बघायला, मुक्कामाला राहिला होता. पाहुणे जेवून आडवे झाले होते. मी गेटपाशी सावलीत बसले होते. वारा पडला, आणि माझ्या अगदी मागे कुणीतरी श्वास घेतला.

तो श्वास मी हजारांत ओळखला असता. पण त्यानंतर साद आली नाही. त्यानंतर हाक आली... "आरू."

मी उठले. माळाकडे चालू लागले. हाक दर वेळी थोडी पुढून यायची. कमरेएवढं गवत माझ्यासाठी बाजूला होत होतं आणि ऊन लागत नव्हतं. किती छान वाटत होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. लहानपणी अण्णा पुढे चालायचे, मी मागे, तसंच. टेकाड गेलं, बोरी गेल्या.

"आरोही, थांब."

हा आवाज मागून आला. धापा टाकत. मी वळले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आदी सावली दाव."

मृत्युंजयनं एक पाय उचलून दाखवला. सूर्य पश्चिमेकडे कलला होता, त्याची आखूड सावली पूर्वेला पडली होती. त्याच्या गळ्यात यंत्र लटकत होतं.

"तू कुणाशी बोलत होतीस?"

"आयकू येत न्हाय तुला?"

"मला काही ऐकू येत नाही. यंत्राचा काटासुद्धा हलत नाही." मग त्याची नजर माझ्या पायांशी गेली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "आरोही... आता तू खाली बघ."

मी बघितलं. माझी सावली पूर्वेला नव्हती. ती उन्हाकडेच, जिकडून हाक येत होती तिकडे, लांबच लांब पसरली होती.

त्यानं माझा हात धरला. मनगट नाही, हात. आणि ओढलं नाही, नुसता धरून मागे मागे चालत राहिला, माझ्या डोळ्यांत बघत. मी पावलं टाकली. माझी सावली जड, अनिच्छेनं वळत वळत माझ्या मागून आली. बोरीपाशी पोचेपर्यंत ती त्याच्या सावलीशेजारी पडली होती, आणि मला ऊन लागायला लागलं. मी घामानं भिजले. मग मी रडले, आणि त्यानं माझं डोकं खांद्यावर घेतलं.

"ते अण्णा न्हाईत," मी म्हटलं. "अण्णा मला भर दुपारी एकटीला माळावर कदीच बोलावनार न्हाईत."

"नाहीत," तो म्हणाला.

"आज सोडवते."

वस्तीपर्यंत त्यानं हात सोडला नाही आणि मीही काढून घेतला नाही. महिपतीकाकांना त्यानंच सगळं सांगितलं. सावलीचं ऐकल्यावर काकांनी काठी उचलली.

ऋतुराज सरांना मी सांगितलं की आजच्या सादेनंतर मी शेवट करणार आहे आणि उद्यापासून ती वाजणार नाही. माणूस वाईट नव्हता, पण कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. "आरोही, लोक त्याच्यासाठीच येतात. महिनाभराचं बुकिंग आहे. तुमच्याच लोकांची कामं आहेत ही."

उत्तर काकांनी दिलं. त्यांच्यामागे अख्खी वस्ती येऊन उभी होती, जोतिरामदादासुद्धा, हाताला कणीक तशीच. "सायेब, आवाज तुमी घेतला," काका म्हणाले. "आता त्येची रीत बी घ्या." आणि ते पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये गवतावरच मांडी घालून बसले.

दिवे मंद झाले. मृत्युंजय माझ्यापासून हातभर अंतरावर माइक धरून बसला.

"ह्या बारीला यंत्राकडं बघायचं," मी कुजबुजले. "माझ्याकडं न्हाय."

"बघतो," तो म्हणाला. कशाकडे, ते सांगितलं नाही.

अण्णांचा श्वास. मग साद. ती गवतावरून लांब गेली आणि संपली. पाहुणे वाट बघत राहिले, कुंपणाकडून येतंय का, तळ्याकडून येतंय का. उत्तर कुठूनच आलं नाही, असं वाटलं. आणि मग ते माझ्या उजव्या कानाशी आलं, इतक्या जवळून की केस हलले. समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी पाय वर खुर्चीत घेतले.

मी गुडघे टेकले. तोंड मातीपाशी नेलं. आवाज निघेना. कारण मला कळत होतं, मी आत्ता उठून बाजूला झाले तर उद्या दिवेलागणीला तो श्वास पुन्हा ऐकू येईल. परवाही. कुणी मला दोष देणार नव्हतं. मी मान तिरकी केली. मृत्युंजय यंत्राकडे बघत नव्हता. माझ्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मी सोडवण केली.

आवाज पोटातून निघाला, मातीत शिरला, उतरत उतरत गेला. मी तुझ्यातली नव्हे. तू जा. अण्णा, तुमी बी जावा. शेवटचं मनात म्हटलं. कानाजवळची हवा हलकी झाली. कुंपणाजवळचं गवत एका रेषेत वाकत गेलं, दूर, टेकाडाकडे, आणि मग नुसतं गवत उरलं.

वस्तीवर एक कुत्रं भुंकलं. मग दुसरं. कित्येक दिवसांत मी इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पाहुणे हळूहळू उठून गेले, चपला हातात घेऊन. ऋतुराज सर जवळ आले. त्यांचा आवाज बसला होता. "उद्या काय करायचं?"

"उद्या काय न्हाय," महिपतीकाका म्हणाले. "आरू म्हनंल त्या दिवशी साद, तिच्या तोंडची, सोडवणीसकट. बाकी दिवशी पाव्हण्यास्नी गवत दावा, चांदण्या दावा. आमी सांगू की काय काय हाय ते."

"वर विचारावं लागेल," सर म्हणाले. मग जरा थांबून, "मी नीट विचारतो." काय होईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. जोतिरामदादा स्वयंपाकघराकडे परत गेला.

मी तिथंच बसून होते. मृत्युंजय हेडफोन लावून आत्ताचं रेकॉर्डिंग तपासत होता. एकाएकी त्याचा हात थांबला. त्यानं मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"आरोही, सोडवण झाल्यावर अण्णा काहीतरी म्हणायचे ना?"

"चल, जेवाय चल. का रं?"

त्यानं हेडफोन हळूच उतरवला आणि माझ्यापुढे धरला.

माझा हात पुढे गेला. हेडफोनची गादी अजून त्याच्या कानांनी कोमट होती. एकदाच. एकदा ऐकलं तर काय बिघडणार होतं...

"पुसून टाक," मी म्हटलं.

"ऐकणार नाहीस?"

"सोडवलंय मी त्येंला."

त्यानं माझ्याकडे बघत बटण दाबलं. लाल दिवा विझला.

"आन ते पयलं? मुंगसाचं?"

"ते नाही पुसणार. त्यात तू माझ्यावर पहिल्यांदा ओरडलीस." मग यंत्र पिशवीत ठेवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मला तू रोज ओरडायला हवी आहेस, आरोही. बाळीवेशीत नाहीतर माळावर, कुठंही. अव्वाला मी सांगितलंय."

"मला सांगायच्या आदी?"

"तुझी भीती वाटते की."

त्याच्या डाव्या गालावर खळी पडते. आता सांगितलं तरी चालेल.

मी उठले, गुडघ्यांवरची माती झाडली. वस्तीवर चुली पेटल्या होत्या. काका आणि सगळी माणसं पुढे निघाली होती आणि अधूनमधून वळून आमच्याकडे बघत होती. बिनलग्नाच्या पोरीनं परक्या माणसाला सगळ्यांदेखत घरी पानावर नेणं, ही आमच्यात लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर कुणाला काही वेगळं सांगावं लागत नाही. सोडवणीनं माझा घसा बसला होता, त्यामुळे बोलले ते अगदी अण्णांसारखं घोगरं निघालं.

"चल, जेवाय चल."

मृत्युंजय एकदम दचकला. मग त्यानं माझा चेहरा पाहिला, आणि पाठीमागच्या दिव्याच्या उजेडात, आमच्या पायांपुढे जमिनीवर पाहिलं.

"दोन्ही एकाच बाजूला आहेत की," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात धरला.